तापलेले लोखंड आणि लोहाराचा हिशेब

मराठी माणूस लोहाराच्या दुकानातून उचललेली भाषा रोज वापरतो. प्रश्न ऐरणीवर येतात, संधी दिसली की तापल्या लोखंडावर घाव घालण्याचा सल्ला मिळतो, घरचाच कोणी उलटला की कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ झाल्याचे म्हटले जाते, आणि सोनाराच्या शंभर टोल्यांना लोहाराचा एक घाव भारी या अर्थाची म्हण हिंदी मुलखाइतकीच इकडेही चालते. ही वचने भट्टीपासून फार लांब गेली आहेत आणि जाताना आपला अर्धा अर्थ मागे ठेवून गेली आहेत. लोहारकामातील व्यवहारज्ञान समजून घ्यायचे, तर हा मागे राहिलेला अर्धा भाग ऐरणीपाशीच शोधावा लागतो, कारण म्हण जिथे एका वाक्यात मोकळी होते तिथे लोहाराचा खरा हिशेब सुरू होतो.

तापल्या लोखंडाची म्हण घाईची म्हणून ओळखली जाते. लोखंड सुमारे ९१२ अंश सेल्सियसच्या वर तापले की त्यातील अणूंची मांडणी बदलते, एका थरावरून दुसरा थर सरकणे सोपे होते आणि थंड असताना घणालाही दाद न देणारा धातू हातोड्याखाली हवा तसा पसरू लागतो. मात्र ही अवस्था टिकते थोडा वेळ. खुरप्याचे पातळ पाते भट्टीतून काढल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आतच घडण्याजोगे राहत नाही, जाड पहार त्यामानाने बराच वेळ ताप धरून ठेवते. म्हणून घाव कुठे घालायचा, किती घालायचे, मधे पाते कितीदा उलटायचे आणि कोणत्या अंगाला घ्यायचे, हे लोखंड आगीत असतानाच ठरवून ठेवावे लागते. सांडशीने ते उचलल्यावर विचाराला सवड नसते. बाहेरच्याला दिसते ती घाई असते, पण तिच्यामागचा निवांत विचार भट्टीत लोखंड तापत असताना होऊन गेलेला असतो.

त्याच म्हणीचे दुसरे टोक म्हणजे थांबणे, आणि नवशिक्याची परीक्षा तिथेच होते. रंग उतरला तरी काम संपत आले आहे म्हणून आणखी दोन घाव घालण्याचा मोह होतो. साधे लोखंड ३०० अंशांच्या आसपास, म्हणजे त्यावर निळसर छटा येते त्या तापाला, उलट अधिक ठिसूळ झालेले असते, आणि पोलाद पुरेसे तापलेले नसताना ठोकले की कडेला बारीक चीर जाते. ही चीर त्या दिवशी दिसत नाही, ती शेतात दगडावर कुदळ आपटल्यावर दिसते. याच्या उलट चूक जास्त तापवण्याची. भट्टीतल्या पोलादातूनच ठिणग्या उडू लागल्या की ते जळू लागले असे समजावे, कारण त्या तापाला प्राणवायू धातूच्या कणांमधल्या सांध्यांत शिरतो आणि कण एकमेकांपासून सुटतात. असे जळलेले पोलाद पुन्हा कितीही निगुतीने घडवले तरी सुधारत नाही, तेवढा तुकडा छाटून टाकावा लागतो.

या दुसऱ्या चुकीचे सर्वांत बोलके उदाहरण दख्खनच्याच पोलादाचे आहे. आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रमसारख्या गावांत मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कोळशाचा अंश एकत्र तापवून जे पोलाद तयार होई, ते युरोपात वुट्झ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यात कर्बाचे, म्हणजे कोळशातील मूलद्रव्याचे, प्रमाण साधारण एक ते दोन टक्के असे. युरोपातील लोहारांनी ते आपल्या सवयीच्या पांढुरक्या तापावर घेतले आणि घणाखाली त्याचा चुरा झाला, कारण इतका कर्ब असलेले पोलाद लाल रंगावरच, कमी तापात आणि हलक्या हाताने घडवावे लागते. लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १८२० च्या सुमारास या पोलादाचा अभ्यास केला. तिकडे प्रयोगशाळेत कारण शोधले जात होते, इकडच्या कारागिराला कारण माहीत नसले तरी रंग माहीत होता, आणि घडणीपुरते तेवढे पुरेसे होते.

रंग ओळखणे हे लोहाराचे तापमापक. गडद तांबडा, डाळिंबी लाल, केशरी, पिवळा आणि शेवटी पांढुरका असा क्रम तापाबरोबर चढत जातो. डाळिंबी लाल साधारण ७५० ते ८०० अंशांचा, केशरी हजाराच्या पुढचा, आणि पांढुरका १,३०० च्या आसपासचा. लोहाराची पडवी काळोखी का असते, याचे उत्तर या क्रमात आहे. भर उन्हात तापलेले लोखंड प्रत्यक्षात असते त्याहून थंड भासते, त्यामुळे उघड्यावर काम करणारा माणूस नकळत जास्त तापवतो आणि पोलाद जाळतो. छपराची खाली ओढलेली वळचण आणि काजळलेल्या भिंती गरिबीची खूण म्हणून पाहिल्या जातात. गरिबी असेलही, पण उजेड आला असता तर लोहाराने तो आपण होऊन अडवलाच असता.

आगीचे शास्त्र भात्यापाशी सुरू होते. भाता म्हणजे कातड्याची हवा फुंकणारी पिशवी. दोन भाते आळीपाळीने दाबले की वारा खंड न पडता भट्टीत जातो. आता बहुतेक ठिकाणी हाताने फिरवायचा किंवा विजेवरचा पंखा आला आहे. वारा वाढवला की आग वाढते हे खरे, पण वाऱ्याच्या थेट झोतात धरलेल्या लोखंडावर गंजासारखी काळी पापुद्री धरते, म्हणून लोखंड झोताच्या थोडे वर, जिथे कोळशाने हवेतला प्राणवायू आधीच खाऊन टाकलेला असतो, अशा जागी ठेवायचे असते. दोन तुकडे जोडताना याचे महत्त्व सर्वांत जास्त. लोखंड पांढुरक्या तापावर आणून एकावर एक ठेवून ठोकले तर ते एकजीव होते, पण मधे पापुद्री राहिली तर जोड वरून पक्का आणि आतून पोकळ होतो. ती वितळून बाहेर निघावी म्हणून तुकड्यांवर वाळू किंवा टाकणखार टाकतात. दिल्लीत मेहरौली येथे उभा असलेला गुप्तकाळातील लोहस्तंभ, सुमारे ७ मीटर उंच आणि ६ टनांहून जड, याच रीतीने लोखंडाचे लहान गोळे एकमेकांवर ठोकून घडवलेला आहे.

आता सोनाराच्या आणि लोहाराच्या घावाकडे वळता येईल. म्हणीने लोहाराला जो मान दिला आहे तो ताकदीचा आहे, आणि लोहाराच्या दृष्टीने तो मान चुकीच्या माणसाला मिळालेला आहे. गावच्या लोहारशाळेत मोठा घण बहुधा साथीदाराच्या हातात असतो. मुख्य कारागीर बसून डाव्या हाताने सांडशीत लोखंड धरतो आणि उजव्या हातातल्या लहान हातोड्याने जिथे घाव हवा तिथे नुसता टोला देतो. त्या टोल्याच्या जागेवर घण पडतो. टोला जोरात असला तर घाव जोरात, हलका असला तर हलका, आणि हातोडा लोखंडावरून बाजूला घेऊन ऐरणीवर टेकवला की थांबायचे. भात्याच्या आवाजात आणि घणाच्या दणक्यात तोंडी सूचना ऐकू जाण्याची शक्यता नसते, त्यामुळे ही हातोड्याची बोली तयार झाली. एक घण चुकला तर सांडशी धरलेला हात जातो, म्हणून बोलीत संदिग्धता चालत नाही. शंभर टोले आणि एक घाव यांत भेद आहे तो असा की लहान टोल्यात अक्कल आहे आणि मोठ्या घावात बळ, आणि दोन्ही एकाच दुकानात, एकाच कामासाठी लागतात.

महाराष्ट्रात गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी लोकांत हा घण बहुधा बाईच्या हातात असतो. पेरणीआधी गावाच्या कडेला पाल पडते, जमिनीत ऐरण रोवली जाते, पुरुष सांडशी आणि लहान हातोडा घेऊन बसतो आणि समोर उभी असलेली बाई डोक्यावरून घण आणून नेमक्या जागी उतरवते. ज्या कामाला केवळ पुरुषी ताकदीचे काम म्हणून ओळखले जाते ते इथे तिच्या नेमावर आणि तालावर चालते. लोहार दांपत्याचे असे चित्र मराठी प्रेक्षकांना भालजी पेंढारकर यांच्या ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटामुळे परिचित झाले, परंतु चित्रपटाने त्यातला सोसण्याचा भाग घेतला. कसबाचा भाग प्रत्यक्ष पालावरच पाहावा लागतो.

लोहारकामातील सर्वांत बारीक अक्कल पाणी देण्यात आहे. पाणी देणे म्हणजे घडलेले हत्यार तापवून एकदम थंड करणे, ज्यायोगे ते कठीण होते. साध्या लोखंडाला पाणी दिले तरी फारसा फरक पडत नाही, कारण कठीणपणा येतो तो कर्बामुळे. हजारात सहा ते नऊ भाग कर्ब असलेले पोलाद डाळिंबी लाल तापवून पाण्यात बुडवले की कर्बाचे अणू धातूच्या सापळ्यात जागच्या जागी अडकतात आणि तो सापळा ताणलेला राहतो. हाच ताण कठीणपणा देतो आणि तोच ठिसूळपणाही. नुसते पाणी दिलेली छिन्नी पहिल्याच ठोक्याला टोकाशी तुटते. म्हणून पाण्यानंतर थोडा ताप परत द्यावा लागतो, आणि तो किती द्यायचा हे ठरवण्याची लोहाराची युक्ती पाहण्यासारखी आहे.

छिन्नीचे टोक चार बोटे लाल तापवले जाते, पण त्यातील पुढची दोनच बोटे पाण्यात धरली जातात. टोक काळे पडून थंड होते, मागची बाजू अजून तापलेली असते. छिन्नी बाहेर काढून टोक विटेच्या तुकड्यावर पटकन घासले की पोलादाची चकाकी उघडी पडते, आणि मग मागचा ताप हळूहळू टोकाकडे सरकू लागतो. त्याबरोबर चकाकीवर रंगांच्या पट्ट्या धावतात: आधी वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. हे रंग पोलादाचे नसतात. पृष्ठभागावर हवेतल्या प्राणवायूशी लोखंडाचा संयोग होऊन अतिशय पातळ थर धरतो, तो जाड होत जाईल तसा उजेड त्यातून वेगळा परावर्तित होतो. फिकट पिवळा सुमारे २२० ते २३० अंशांचा, तपकिरी २६० चा, जांभळा २८० चा आणि निळा ३०० चा. वस्तऱ्यासारख्या हत्याराला पिवळ्यावर थांबवतात, लोखंड तोडण्याच्या छिन्नीला जांभळा टोकापर्यंत येऊ देतात, कमानीला निळा. हवा तो रंग टोकाला पोहोचला की छिन्नी पूर्ण पाण्यात जाते. एक क्षण उशीर झाला तर टोक मऊ पडते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. लोहाराच्या कामात ज्याला खरोखर घाई म्हणता येईल अशी जागा हीच.

हत्याराचे सगळे अंग कठीण करणे हा अडाणीपणा समजला जातो. चांगली जुनी कुऱ्हाड साध्या लोखंडाची असे आणि तिच्या तोंडालाच पोलादाची पट्टी जोडलेली असे. पोलाद महाग होते हे एक कारण, पण अंग मऊ राहिल्याने दणका सोसला जाई हे त्याहून मोठे. दांडा लाकडाचा असल्याने तो उरलेला हादरा पिऊन घेतो. कुऱ्हाडीच्या दांड्याला गोतद्रोही ठरवणाऱ्या म्हणीकडे लोहाराने पाहिले, तर दांड्यावर अन्याय झाला असेच त्याला वाटेल, कारण त्याच्या हिशेबात तोडणारे तोंड, सोसणारे अंग आणि आवरणारा दांडा या तिघांचे काम एकच आहे. ‘एक घाव दोन तुकडे’ हा मराठीतला आवडता निकाल त्याच्या कामात तर जवळजवळ नाहीच. थंड सळई तोडायची झाली तर छिन्नीने चहूबाजूंनी खाच पाडायची आणि मग हलक्या धक्क्याने मोडायची, ही त्याची रीत.

सुतार आणि लोहार यांची समजूत एकत्र आलेली पाहायची असेल तर बैलगाडीचे चाक पाहावे. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि आऱ्यांवर गोलाकार जोडलेले लाकडी पुठ्ठे, एवढे सुताराचे. त्यांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी, जिला धाव म्हणतात, ती लोहाराची. धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी आखूड करतात. मग ती जमिनीवर ठेवून भोवती गोवऱ्यांची आग लावतात. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४.७ मीटर असतो, आणि तेवढी पट्टी ६०० अंशांनी तापली की साडेतीन ते चार सेंटिमीटरने लांबते. तेवढ्या सवडीत ती चाकावर उतरवून लगेच पाणी ओतले जाते. लाकडाला आच लागण्याआधी लोखंड आकसते, आऱ्यांचे सांधे कुरकुरत आत दाबले जातात आणि खिळ्याशिवाय चाक घट्ट होते. धाव किती आखूड ठेवायची हा खरा प्रश्न असतो. जास्त आखूड झाली तर आरे वाकतात किंवा पुठ्ठे फुटतात, कमी झाली तर उन्हाळ्यात लाकूड वाळले की धाव गळून पडते. लाकूड कोणते, किती मुरलेले, गाडी कोणत्या वाटेने जाणार, हे सगळे विचारूनच लोहार मोजणी करत असे, आणि म्हणून परगावच्या लोहाराकडे धाव बसवून घ्यायला शेतकरी बिचकत असे.

या व्यवहाराच्या मागे बलुत्याची चौकट होती. बलुते म्हणजे वर्षभर गावाचे काम करून सुगीला धान्याच्या रूपाने घेतलेला वाटा. बारा बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत लोहार पहिल्या ओळीत येतो. फाळ शेवटणे, म्हणजे झिजलेले टोक तापवून ठोकून पुन्हा काढणे, विळे-खुरपी धारेवर आणणे हे त्याचे ठरलेले काम. नग मोजून पैसे मिळत नसल्याने हत्यार टिकाऊ करण्यात त्याचाच फायदा होता, कारण लवकर मोडलेले खुरपे वर्षातून दुसऱ्यांदा फुकट करून द्यावे लागे. उलट बाजूही होती: मोबदला बांधलेला असला की टाळाटाळीला वाव राहतो, आणि पेरणीच्या तोंडावर अर्धा गाव फाळ घेऊन दारात बसला की कोणाचे आधी हे लोहाराच्या मर्जीवर जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुत्याकडे कुणब्याच्या बाजूने पाहून कठोर टीका केली आहे, आणि जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्याने ती आधी वाचायला हवी. जातीने बांधलेल्या कामात कसब टिकते हे खरे, पण ते सोडून जाण्याची मुभा नसणे हे त्याचेच दुसरे अंग होते.

ही चौकट ढिली होण्याला धातूचेही कारण झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये बेळगावला लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीमुळे शेतकऱ्यांनी तो घेण्यास बराच काळ नकार दिला. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर घरोघर गेले. कारखान्यातील नांगराचे बरेच भाग बिडाचे, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाचे असत. बिडात दोन टक्क्यांहून अधिक कर्ब असतो, त्यामुळे ते सहज वितळते आणि ओतायला सोपे जाते, पण घणाखाली फुटते. लाकडी नांगराचा झिजलेला फाळ लोहार लांबवून देई. बिडाचा भाग झिजला तर नवा विकत आणणे एवढाच उपाय. शेतकऱ्याचे नुकसान झाले असे म्हणता येणार नाही, खोल नांगरट त्याला मिळालीच, मात्र दुरुस्तीचा धागा गावातून कारखान्याकडे गेला.

आजच्या लोहाराने कच्चा माल शोधला तो भंगारात. ट्रकच्या कमानीचे पाटे हे मुळात कर्बयुक्त, लवचीक पोलाद असते आणि कोयता, विळा, कुऱ्हाड यांसाठी ते उत्तम ठरते. सळईचे किंवा पत्र्याचे लोखंड दिसायला सारखेच असले तरी त्याला पाणी धरत नाही. दोन्ही ओळखण्यासाठी दगडी साण फिरवून ठिणग्या पाहतात. कर्ब कमी असेल तर ठिणग्या लांब, सरळ आणि पिवळसर निघतात. कर्ब जास्त असेल तर त्या टोकाशी फुटून चांदण्यांसारख्या पसरतात. पाण्यातही फरक करावा लागतो: काही पोलाद पाण्यात बुडवले तर तडकते, म्हणून ते तेलात थंड करतात.

कोयता किंवा विळा विकत घेणाऱ्यालाही यातले थोडे वापरता येते. धारेवर हलक्या हाताने कानस घासून पाहावी. ती काचेवरून जावी तशी घसरली तर हत्याराचे पाणी परत उतरवलेले नाही आणि दगडाला लागताच तुकडा उडेल. कानस लाकडासारखी खोल रुतली तर ते पोलादच नाही आणि धार आठवडाभर टिकणार नाही. कानस अडखळत, जोर लावल्यावर थोडीशी खात असेल, तर हत्यार घेण्यासारखे आहे, आणि ते करणाऱ्या लोहाराने मागितलेल्या किमतीवर घासाघीस करू नये.